आप्पेपात्रातलं घड्याळ

आप्पेपात्राला सात खळगे होते आणि त्यांत मिळून अठ्ठावन्न वस्तू होत्या. पहिल्या खळग्यात तीन काटे आणि तबकडी, म्हणजे चार. दुसऱ्यात स्क्रू एकवीस. तिसऱ्यात दातेरी चाकं तेरा. चौथ्यात बारीक स्प्रिंगा आणि खटके मिळून नऊ. पाचव्यात पितळी पट्ट्या पाच. सहाव्यात दोनच वस्तू, पण घड्याळाचा सगळा जीव त्या दोहोंत: एक केसाएवढ्या बारीक स्प्रिंगेचं डुलतं चाक आणि दुसरा त्या चाकाला टकटक करायला लावणारा, खेकड्याच्या नांगीसारखा तुकडा. मधल्या सातव्या खळग्यात, नेमक्या कशाच्या आहेत हे न कळलेल्या वस्तू चार.

निकितानं ही मोजणी तीनदा केली. पहिल्यांदा अठ्ठावन्न, दुसऱ्यांदा सत्तावन्न, तिसऱ्यांदा पुन्हा अठ्ठावन्न. दुसऱ्या वेळी बनुबाई शिंकल्या होत्या, म्हणून ती मोजणी तिनं बाद धरली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या माणसानं कारण असल्याशिवाय आकडा बाद करायचा नसतो, आणि बनुबाईंची शिंक हे पुरेसं कारण होतं. त्या शिंकेनं ओट्यावरची कोंबडीसुद्धा अंगणात गेली होती.

"झालं का मोजून?" बनुबाईंनी विचारलं. त्या मांडीवर डाळीचं ताट घेऊन समोर बसल्या होत्या. "का अजून एकदा शिंकू?"

बनुबाई निकिताच्या ओट्यावर हौसेनं बसल्या नव्हत्या. त्या विरुद्ध पक्षाच्या साक्षीदार होत्या.

प्रकरण असं होतं. घोडेगावच्या अलीकडे वस्तीवर निकिताच्या वडलांची, रंगनाथरावांची, आणि त्यांच्या चुलतभावाची, कानिफनाथची, एक सामाईक विहीर आहे. शेतीची लाईट दिवसाचे आठ तास असते. पहिले चार तास एका घरानं मोटार चालवायची, पुढचे चार तास दुसऱ्यानं. आठवड्याला पाळी बदलायची. पहिली पाळी म्हणजे भरलेली विहीर आणि मनगटाएवढी धार. दुसऱ्या पाळीला पाणी तळाला जातं, फुटबॉल उघडा पडतो (हा खेळायचा नव्हे, पाइपाच्या टोकाचा फूट-वॉल्व्ह), आणि मग मोटार पाण्याऐवजी हवा ओढत दम्याच्या पेशंटसारखी खोकत बसते. त्यामुळे पहिली पाळी संपून दुसरी कधी सुरू झाली, हा त्या दोन घरांतला सर्वांत मोठा प्रश्न होता. तो सोडवायला मोटारीच्या पेटीत खिळ्याला एक चावीचं मनगटी घड्याळ टांगलेलं असे. विहीर खोदली तेव्हा दोघांच्या वडलांनी घोडेगावच्या बाजारात एक खोंड विकून ते घेतलं होतं. लाईट आली की दोन्ही घरच्या माणसांसमोर घड्याळ नऊवर लावायचं आणि त्यात एक वाजला की पाळी बदलायची. लाईट केव्हाही येवो, विहिरीवर तेव्हा नऊ वाजत.

मोबाईल आल्यावर या घड्याळाची गरज काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. वस्तीवरही कुणाला तरी ते वाटलं होतं. पण दोन्ही घरच्या मोबाईलमध्ये एकच वेळ दिसते हे लक्षात आल्यावर सगळ्यांचा हिरमोड झाला. घड्याळाबद्दल निदान बोलता येत होतं. "तुमच्या पाळीला ते हळू चालतंय" हे वाक्य दोन्ही घरांनी इतकी वर्षं इतक्या मनापासून वापरलं होतं, की ते सोडून देणं म्हणजे घरातलं जुनं भांडं मोडीत काढण्यासारखं होतं.

घड्याळ सांभाळायचं एक वर्ष यांनी, एक वर्ष त्यांनी. नियम एकच: ज्याच्या सांभाळात ते बंद पडेल, त्याची पहिली पाळी गेली. हेच घड्याळ पुन्हा चालू होईपर्यंत दर आठवडा दुसऱ्याचा. इतक्या वर्षांत ते कधी बंद पडलं नव्हतं. ते बंद पडलं रंगनाथरावांच्या वर्षात, ऐन कांद्याची लागण झाल्यावर. आणि रंगनाथराव साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झालेले. अख्खी हयात दुसऱ्यांच्या उशिराची नोंद करण्यात गेलेल्या माणसाच्या ताब्यात घड्याळ थांबावं, ही गोष्ट वस्तीवर इतक्या चवीनं सांगितली गेली, की रंगनाथराव दूध घालायला डेअरीवर जायचे बंद झाले.

"दुरुस्तीला द्या की," सगळे म्हणाले. पण द्यायचं कुणाकडे? शेवगावला एक चांगला माणूस होता; तो वारला आणि त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. काष्टीच्या बाजारात एकजण बसतो म्हणून कळलं. तो बसत होता खरा, पण सेल बदलत होता. चावीचं घड्याळ बघून त्यानं ते कानाला लावलं, मग मान हलवली, आणि "याला सेल कुठनं घालायचा?" असं विचारलं.

तेव्हा निकिता म्हणाली, "मी करते."

ती नेवाशाच्या कॉलेजात घड्याळी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायची. कानिफनाथला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "मंग बरोबर हाय. घड्याळावर पगार घेती, घड्याळाचं काम तिनंच करावं." आणि मग सावध होऊन म्हणाला, "पर आमच्या माणसासमोर उघडायचं. आतलं काय बदललं तर आमाला कसं कळनार?"

निवाड्याला दत्तोपंत आले. हे रिटायर हेडमास्तर. दोन्ही घरांना त्यांनी शिकवलेलं, त्यामुळे दोन्ही घरांविषयी त्यांचं मत सारखंच वाईट होतं. त्यांनी निवाडा दिला: घड्याळ उघडावं, पण कानिफनाथच्या बाजूच्या एका साक्षीदारासमोर. उघडल्यापासून मिटेपर्यंत साक्षीदारानं जागा सोडू नये. कानिफनाथला शेतावर काम होतं, म्हणून त्यानं आईला पाठवलं. बनुबाईंना घरी काम होतं, म्हणून त्या डाळ बरोबर घेऊन आल्या.

आप्पेपात्र मुक्ताबाईंचं, म्हणजे निकिताच्या आईचं. बिडाचं, जड, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळं तुळतुळीत झालेलं. निकितानं ते पावडरनं घासून, पुसून, उन्हात वाळवून घेतलं होतं. मुक्ताबाई दारात उभं राहून एवढंच म्हणाल्या, "रविवारी मला लागंल." त्यांना घड्याळाबद्दल मत नव्हतं. आप्प्यांबद्दल होतं.

सुटे भाग गाडीतल्या पेट्रोलनं धुवून झाले. आता तेल. हे तेल साधं चालत नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब, तोही खास घड्याळाचा. निकितानं ते पुण्याहून मागवलं. दरम्यान ओट्यावर माणसं येत राहिली आणि प्रत्येकानं आपापलं तेल सुचवलं. कुणी खोबरेल म्हणालं, कुणी शिलाई मशीनचं. ट्रॅक्टरवाल्या एका पाहुण्यानं "ग्रीस मारा, पाच वर्षं बघायला नको" असं सांगितलं आणि ग्रीसचा डबा आणायला निघालाही. एका बाईनं सगळे भाग तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितले. तिचा मोबाईल हौदात पडला होता तेव्हा गुण आला होता. निकितानं प्रत्येकाला नाही म्हटलं. काही लोकांना सल्ला नाकारलेला चालतो, पण कारण दिलेलं चालत नाही. तिनं प्रत्येकाला कारण दिलं.

"पोरगी हुशार हाय," ग्रीसवाला जाताना म्हणाला, "पर ऐकून घेत न्हाई."

"तुमच्या ट्रॅक्टरनं घेतलं का ऐकून?" बनुबाईंनी विचारलं. त्याचा ट्रॅक्टर दिवाळीपासून बंद होता. विरुद्ध पक्षाच्या असल्या तरी बनुबाई ओट्याच्या बाजूनं बोलत होत्या. आता तो ओटा त्यांचाही होता.

तेलाचं पार्सल काही येईना. कुरिअरवाल्याचा मेसेज मात्र आला की ते पोचलंय आणि सही झालीय. शोध घेता कळलं की पत्त्यात खूण म्हणून रंगनाथरावांनी 'सामाईक विहिरीजवळ' असं लिहिलं होतं. कुरिअरवाला विहिरीवर गेला. विहिरीवर कानिफनाथ होता. खुणेत 'सामाईक' शब्द असल्यानं पार्सलही सामाईक समजून त्यानं सही केली, आणि ते मोटारीच्या पेटीत ठेवून दिलं.

"नाना, मला सांगायचं तरी," निकिता म्हणाली.

"सांगनारच हुतो. पाळी संपल्यावर."

"कुणाची?"

"आमचीच चाललीय की सध्या," कानिफनाथ शांतपणे म्हणाला.

तेल आलं आणि जुळणी सुरू झाली. यूट्यूबवरचा माणूस जे पाच मिनिटांत करत होता, त्याला निकिताला दुपार लागत होती. पण तिचा हात हळूहळू बसत चालला होता. मेनस्प्रिंग बसली. चाकं एकमेकांत गुंतली. चिमट्यात एक स्क्रू धरून तिनं श्वास रोखला, आणि चिमट्यानं तो सोडला. चिमटा स्क्रू सोडतो म्हणजे स्क्रू खाली पडतो असं नाही. तो उडतो. बारीक 'टिंग' असा आवाज झाला, आणि दुसऱ्या खळग्यात जिथं सहा स्क्रू उरायला हवे होते तिथं पाच उरले.

निकितानं ओटा बघितला. सतरंजी झटकली. मग तिची नजर बनुबाईंच्या ताटाकडे गेली.

"माज्याकडं बगू नको," बनुबाई म्हणाल्या. "माजी डाळ निवडलेली हाय."

"आजी, आवाज ताटाचा आला."

"म्हंजी मी तुमचा स्क्रू घेतला."

"तुम्ही नाही घेतला. डाळीनं घेतला."

यावर बनुबाईंनी ताट खाली ठेवलं आणि पदर नीट करून त्या म्हणाल्या, "मंग डाळ शिजवून बगा. दाताखाली आला तर तुमचा."

दत्तोपंतांना फोन गेला. त्यांनी स्क्रू सापडेपर्यंत डाळ कुणी शिजवू नये असा हुकूम दिला. डाळ बनुबाईंची, स्क्रू दोघांचा, ओटा रंगनाथरावांचा. दत्तोपंत म्हणाले की अशा भानगडीचा निवाडा त्यांच्या नोकरीच्या काळातही आला नव्हता. त्या दिवशी कानिफनाथ चटणी-भाकर खाऊन शेतावर गेला आणि जाताना ओट्याकडे बघत गेला.

निकितानं मग डोकं वापरलं. तिला त्याचा अभिमानही वाटला. स्क्रू पोलादी, डाळ बिनलोखंडी. गणपतीतल्या जुन्या फुटक्या लाऊडस्पीकरमधून तिनं बांगडीएवढं लोहचुंबक काढलं आणि ताटातल्या डाळीवरून सावकाश फिरवलं. तिसऱ्या फेरीत खालून काहीतरी उडी मारून चुंबकाला चिकटलं. स्क्रू होता.

"हे बरं हाय," बनुबाई कबूल झाल्या. "असं ध्यान असतं तर आमी खडे निवडत कशाला बसलो असतो." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "पर खडे न्हाई यायचे त्याला."

विजयानं माणूस गाफील होतो. निकितानं स्क्रू चिमट्यात घेतला आणि चुंबक बाजूला ठेवलं. बाजूला म्हणजे आप्पेपात्राजवळ. चुंबकानं थांबून विचार केला नाही. ते 'टण्ण' करून बिडाच्या आप्पेपात्राला बिलगलं. सहाव्या खळग्याच्या अगदी खाली. निकितानं दोन्ही हातांनी ते ओढून काढलं, घरात नेऊन ठेवलं, आणि परत येऊन कामाला लागली. फिजिक्सच्या एम.एस्सी.ला चुंबकत्वाचा एक अख्खा पेपर असतो. तिला त्यात चांगले मार्क होते.

शनिवारी घड्याळ जुळलं. निकितानं चावी दिली. डुलतं चाक एकदा दचकलं आणि टकटक करू लागलं. रंगनाथराव आत पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. ते पेपर हातात घेऊनच बाहेर आले. बनुबाईंनी घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

कानिफनाथ आला, दत्तोपंत आले. आणि कानिफनाथनं आप्पेपात्राकडे बोट दाखवलं.

"ह्ये काय राह्यलं?"

सातव्या खळग्यात एक वस्तू उरली होती. काळी, गोल, चकचकीत, मोहरीएवढी. निकिताच्या मते ती एखादी धातूची बारीक गोळी होती, पण ती कुठंच बसत नव्हती. तिनं तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हंजी घड्याळ अर्धवट हाय," कानिफनाथ म्हणाला. "सर, अठ्ठावन्न मोजले. सत्तावन्न बसले."

"आक्षेप योग्य आहे," दत्तोपंत म्हणाले.

बनुबाईंनी वाकून ती वस्तू उचलली, डोळ्यांजवळ धरली, मग सरळ तोंडात टाकली आणि दाढेखाली फोडली.

"मोहरी हाय," त्या म्हणाल्या. "मुक्ते, आप्पेपात्र नीट घासत न्हाईस."

मुक्ताबाई आतून म्हणाल्या की आप्पेपात्र आपण घासलेलं नाही, एम.एस्सी. झालेल्या माणसानं घासलंय.

दत्तोपंतांनी निवाडा दिला: घड्याळ चालू. सोमवारपासून पहिली पाळी रंगनाथची. निकितानं आप्पेपात्र आईला परत दिलं. त्या संध्याकाळी रंगनाथराव दूध घेऊन स्वतः डेअरीवर गेले आणि नको तितका वेळ तिथं थांबले.

इथं थांबली असती तर गोष्ट सुखाची होती. पण निकिताला मोजायची सवय. सोमवारी लाईट आली, घड्याळ नऊवर लागलं, आणि त्याच क्षणी तिनं मोबाईलही बघून ठेवला. विहिरीवरच्या घड्याळात एक वाजला आणि कानिफनाथ हसतमुखानं मोटारीचा वॉल्व्ह फिरवायला आला, तेव्हा मोबाईलप्रमाणे चार तासांना बारा मिनिटं कमी होती.

"अप्पा, घड्याळ पुढं पळतंय," ती म्हणाली. "आपली बारा मिनिटं गेली."

रंगनाथराव कांद्याकडे बघत होते. शेवटचे दोन वाफे कोरडे राहिले होते.

"चालतंय ना?"

"चालत नाही. पळतंय."

कानिफनाथला मात्र घड्याळ फार आवडलं. "नामी झालंय. पयल्यापेक्षा जोरात चालतंय. पोरीच्या हाताला गुन हाय." दुसऱ्या पाळीचा असूनही आता रोज बारा मिनिटं जास्त मिळायची होती, आणि पुढच्या आठवड्यात पहिली पाळी आपलीच येणार, तेव्हा हीच बारा मिनिटं आपल्याला कमी पडतील, हा विचार त्यानं पुढच्या आठवड्यावर टाकला. हे त्या दोन्ही घरांचं वळण आहे.

निकिता दत्तोपंतांकडे गेली. दत्तोपंतांनी 'चालू' या शब्दाचा अर्थ सांगितला. काटे फिरतात ते घड्याळ चालू. किती वेगानं फिरावेत याबद्दल मूळ ठरावात काही नाही.

"पण सर, ते चूक आहे."

"चूक आणि बंद यांत फरक आहे. माझे निम्मे विद्यार्थी चूक होते, बंद कुणी नव्हतं." मग ते गंभीर झाले. "पुन्हा उघडायचं नाही. रोज उठून घड्याळ उघडलं तर विहिरीला अर्थ काय राहिला? आणि आता हात लावलास आणि बंद पडलं, तर हंगामभर पहिली पाळी कानिफनाथची. कबूल असेल तर बोल."

घरी हे सांगितल्यावर रंगनाथराव पहिल्यांदाच चिडले. "बारा मिनिटं जाऊ दे. दोन वाफे मी डोक्यावर पाणी नेऊन भिजवीन. पण हंगाम गेला तर पाच एकर कांदा कशावर काढायचा? लोक काय म्हणतील, चालू घड्याळ बंद पाडलं?"

"लोक काही म्हणोत. चालू म्हणून चुकीचं घड्याळ मी विहिरीवर टांगणार नाही."

"तुला कशाला एवढं पडलंय?"

निकिता म्हणाली, "अप्पा, तुमच्या टाइम ऑफिसातलं घड्याळ चार तासांना बारा मिनिटं पुढं पळालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

कारखान्याच्या भोंग्याला पाच सेकंद उशीर झाला म्हणून रंगनाथरावांनी एकदा बॉयलरवाल्याला मेमो दिला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते उठले आणि गोठ्यात गेले. तिथं म्हशीला उद्देशून काहीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं, पण म्हशीचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

रविवार उजाडला. मुक्ताबाईंनी आप्पेपात्र चुलीवरून उतरवलं, आणि सांडशीनं उलटं करून बघत त्या म्हणाल्या, "हे काय गं? याच्या बुडाला टाचणी चिकटलीय. पडत नाही."

निकितानं ती टाचणी बघितली. मग खाली मान घालून मोबाईल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं, विहिरीवरून घड्याळ आणलं आणि मोबाईलजवळ नेलं. उत्तर दिशा उठून शेवगावकडे गेली.

चुंबकत्वाचा अख्खा पेपर. चांगले मार्क. केसाएवढी स्प्रिंग चुंबकाळली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. हे पाठ्यपुस्तकात नसलं तरी पाठ्यपुस्तकावरून कळण्यासारखं होतं. मग तिनं दोन आप्पे खाल्ले, कारण चूक कळल्यावर उपाशी राहून ती दुरुस्त होत नाही, आणि विहिरीकडे चालू लागली.

तिला उघडायची मनाई होती. पण चुंबकत्व काढायला घड्याळ उघडावं लागत नाही. एक कॉईल लागते; तिच्यातून घरची लाईट सोडायची, घड्याळ कॉईलच्या पोकळीत धरायचं आणि सावकाश बाहेर ओढत लांब न्यायचं. आणि कॉईल विहिरीवरच होती. मोटारीचा जुना स्टार्टर, पोटातल्या कॉईलसकट, पेटीच्या मागं वर्षभर पडून होता.

"तो सामाईक हाय," कानिफनाथ म्हणाला. "निम्मी कॉईल माजी."

"मग तुमच्या निम्म्यातनं ओढून मी थांबते, नाना. उरलेल्या निम्म्यातनं आमचं घड्याळ नेते."

"घड्याळ पन निम्मं माजं."

"म्हणूनच सांगते. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी तुमची आहे. बारा मिनिटं तुमची जाणारेत."

कानिफनाथनं पुढच्या आठवड्याचा विचार केला, आणि तो विचार त्याला आवडला नाही. "पर बंद पडलं तर ठरल्याप्रमानं," तो म्हणाला.

"ठरल्याप्रमाणं."

निकितानं कॉईल घरी आणली तेव्हा बनुबाई न बोलावता ओट्यावर येऊन बसल्या होत्या. ताट आणलं नव्हतं. निकितानं कॉईलला वायर जोडली, बटण दाबलं. कॉईल मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमू लागली आणि लगेच तापायला लागली. तिनं घड्याळ पट्ट्याला धरून आत घातलं. ते हातात थरथरलं. मग हात न हलवता ती मागं सरकली, एक पाऊल, आणखी एक, ओट्याच्या टोकापर्यंत, आणि बटण बंद करायला मुक्ताबाईंना सांगितलं.

रंगनाथराव दारात होते. या वेळी हातात पेपरही नव्हता.

"चालू हाय?" कानिफनाथनं विचारलं.

निकितानं घड्याळ बनुबाईंना दिलं. बनुबाईंनी ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि मग म्हणाल्या, "चालू हाय. आणि उघडलं न्हाई. मी साक्ष हाय. नुसतं ओवलं आणि काढलं."

निकितानं होकायंत्र बघितलं. उत्तर दिशा जागेवर होती.

"पर बराबर चालतंय का?" कानिफनाथनं विचारलं.

"उद्या मोजू. तुमच्या पाळीत आणि आमच्या पाळीत, दोन्हीत," निकिता म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"तुमच्या पाळीला ते हळू चालतंय, हे आम्ही पहिल्यापासून सांगतोय," रंगनाथराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज टाइम ऑफिसातला होता.

"आमच्या पाळीला ते पळतंय," कानिफनाथ म्हणाला.

सोमवारी विहिरीवर लाईट यायच्या आधीच माणसं जमली होती. दत्तोपंतांना खुर्ची आणली होती. ग्रीसवाला कामाशिवाय आला होता. बनुबाई पेटीच्या सावलीत बसल्या होत्या. वार बदलला होता, आठवडा बदलला होता. पहिली पाळी कानिफनाथची होती. लाईट आली. घड्याळ नऊवर लागलं आणि त्याच क्षणाला निकितानं मोबाईलवर सेकंद चालू केले. मनगटाएवढी धार कानिफनाथच्या कांद्याकडे गेली. घड्याळात एक वाजला तेव्हा कानिफनाथनं मोबाईलकडे बघितलं, रंगनाथरावांनी घड्याळाकडे बघितलं, आणि वॉल्व्ह फिरला. दुपारी फुटबॉल उघडा पडला आणि मोटार खोकू लागली, तरी कुणी उठलं नाही.

लाईट गेल्यावर निकितानं दोन आकडे मोठ्यानं वाचले. कानिफनाथच्या चार तासांत घड्याळ दोन सेकंद पुढं गेलं होतं. रंगनाथरावांच्या चार तासांत तीन सेकंद मागं.

"तुमच्या पाळीला ते हळू चालतंय," कानिफनाथ म्हणाला.